पूर येण्याआधी शासनाकडून काय मिळतं? चांदोरी-सायखेडा पट्टा

गोदाकाठ_निफाड
राम राम मंडळी. गोदावरीकाठी एकाच गटात 4 एकर आहे: दीड एकर द्राक्ष, दीड एकर सोयाबीन, एक एकर कांदा. विहीर आहे. नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा चढला की खालचा एक एकर आधी बुडतो, सोयाबीन तिथेच असतं. पूर आल्यावरच्या पंचनाम्याबद्दल सगळे बोलतात, पण पुराच्या आधी तयारीसाठी कोणत्या योजनेतून पैसे मिळतात? बांध, चर, कांदाचाळ, काहीही चालेल. आणि आत्ताच कोणते कागद नीट करून ठेवावेत? सातबारा तिघा भावांच्या नावे सामाईक आहे.

सातबारा_डायरी
भाऊ, ‘पूरप्रतिबंधक शेती’ अशा नावाची एकच योजना शोधत बसू नका. पैसे वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले आहेत, ते एकेक करून जुळवावे लागतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण जास्त पैसा तिथेच बुडतो.

पिकाच्या नुकसानीला आपत्ती निधीतून मिळणाऱ्या मदतीचे 2022 ते 2026 या काळासाठीचे दर असे होते: कोरडवाहू हेक्टरी 8,500, बागायत 17,000, बहुवार्षिक 22,500 रुपये. मर्यादा 2 हेक्टर, आणि नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त हवं. आता तुमचं दीड एकर सोयाबीन म्हणजे 0.60 हेक्टर धरा. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल ॲपवरच्या पिकाच्या नोंदीत, ते अजलसिंचित (कोरडवाहू) नोंदलं तर त्या दराने 5,100 रुपये होतात, विहिरीवरचं जलसिंचित (बागायत) नोंदलं तर 10,200. ॲपमध्ये एक पर्याय चुकला की रक्कम निम्मी. विहीर आधी सातबाऱ्यावर चढलेली आहे का ते बघा. नसेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आत्ताच अर्ज द्या.

खरिपाची ई-पीक पाहणी 1 ऑगस्टला सुरू होते. 2016 चा पूर 2 ऑगस्टचा आणि 2019 चा 4 ऑगस्टचा. म्हणून नदीकाठच्या माणसाने ‘अजून महिनाभर मुदत आहे’ असं म्हणूच नये. पहिल्याच दिवशी गटात उभं राहून फोटो काढा. नोंद चुकली तर 48 तासांच्या आत स्वतः दुरुस्त करता येते, नंतर अधिकाऱ्यांच्या मागे फिरावं लागतं.

सामाईक खात्याचं काम तर आजच उरका. मदत एकाच्या खात्यावर घ्यायची असेल तर बाकीच्या दोघांचं संमतीपत्र लागतं. एक भाऊ पुण्याला, एक मुंबईला असला की सगळी रक्कम सहीसाठी अडकून राहते. तिघांचे शेतकरी ओळख क्रमांक काढा आणि तिघांचंही बँक खातं आधारशी जोडलेलं आहे याची खात्री करा. ओळख क्रमांक असेल तर मदतीसाठी वेगळी ई-केवायसी करावी लागत नाही, असा निर्णय 2025 मध्ये झाला आहे.

बांधबंदिस्ती
आता पुराआधीच्या कामांचं. आधी पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जलसंपदा विभागाच्या नकाशावर तुमचा गट कुठे बसतो ते पाहा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते, त्यामुळे चाळ किंवा शेड तिथे मागूच नका.

खालच्या एकरासाठी बांधबंदिस्ती आणि बांधावरची लागवड रोजगार हमीतून होऊ शकते, मात्र काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात हवं. ग्रामसभेत ठराव झाला नसेल तर पुढे कितीही फिरा, काही हलत नाही.

एक चूक मात्र करू नका, ती म्हणजे नदीच्या बाजूला उंच, सलग बांध घालण्याची. फुगवट्याचं पाणी मागून चढतं आणि ओसरताना सगळं एकाच ठिकाणाहून बाहेर पडायला बघतं. मग बांध फुटतो आणि फुटल्या जागी दोन-तीन फुटांची खरवड पडते. त्यापेक्षा बांध बेताचा ठेवा आणि सर्वांत सखल कोपऱ्यात दगडी सांडवा काढा. सांडव्याच्या खालच्या अंगाला दगडाचं पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, हवंच, नाहीतर पाणी पडून पायथा उकरतं. बांधावर वाळा लावा, काठावर बांबू. त्यांची मुळं माती धरतात आणि वाहून येणारा काडीकचरा अडवतात.

सोयाबीनसाठी बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्राला महाडीबीटी या शासनाच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणातून 40 ते 50 टक्के अनुदान आहे. दर चार ओळींनंतर सरी पडते, तिचा उतार चराकडे ठेवा. पण हे अतिवृष्टीच्या साचलेल्या पाण्यासाठी आहे. नदीच आत शिरली तर रुंद वरंबा काय करणार? ज्या एकरात दर पुराला पाणी येतं, तिथे सोयाबीनऐवजी चाऱ्याचं गवत घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

चाळवाला_लासलगाव
कांदाचाळीला 50 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, ठरलेल्या खर्चमर्यादेत. अर्ज महाडीबीटीवर. क्रम सांगतो, कारण इथेच बरेच जण फसतात: अर्ज, कागदपत्रं, पूर्वसंमती, मग बांधकाम, मग जिओ-टॅग फोटो आणि मोका तपासणी. पूर्वसंमतीच्या आधी खड्डा जरी खणला तरी अनुदान गेलं समजा. पाऊस तोंडावर आलाय म्हणून घाई करून बांधलेल्या चाळी अशाच बाद होतात.

चाळ मंजूर आराखड्याच्या मापातच हवी. तुमच्याकडे जोतं पूरखुणेच्या वर न्यायचं असेल तर भराव आणि जादा पायाचा खर्च स्वतःचा धरा. गावातल्या जुन्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची खूण असेल, तिच्यावर किमान दोन फूट घ्या. चाळीच्या तळाशी हवेसाठी ठेवलेली पोकळी गाळाने भरली की वरचा कोरडा कांदाही खालून सडायला लागतो.

गोदाकाठ_निफाड
सगळ्यांचे मनापासून आभार. विमा काढू का? आणि गाळ बसला किंवा जमीन खरवडली तर त्याचं वेगळं काही मिळतं का?

सातबारा_डायरी
विमा काढा, पण काय मिळणार हे समजून काढा. एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाच्या अन्नधान्य आणि गळीत (तेलबिया) पिकांना विमा रकमेच्या 2 टक्के, म्हणजे 50,000 च्या संरक्षणाला 1,000 रुपये हप्ता. कांद्यासारख्या नगदी पिकाला 5 टक्के. त्याच खरिपापासून राज्यात भरपाई महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पन्नाच्या, सरासरीवर गेली. म्हणजे तुमचा एकटा गट बुडाला आणि मंडळाचं उत्पन्न बरं आलं, तर हाती काही येत नाही. नदीकाठच्या शेतकऱ्यासाठी हा मोठा तोटा आहे. 2026 च्या खरिपापासून भात पाण्याखाली गेल्यास संरक्षण देण्याची घोषणा केंद्राने केली, पण तो उपयोग इगतपुरी-त्र्यंबककडच्या लोकांना, सोयाबीनला नाही. द्राक्षाचा फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो, नदीचं पाणी त्यात मोजलंच जात नाही.

जमिनीचं वेगळं मिळतं. त्याच 2022 ते 2026 च्या दरांत गाळ 3 इंचांपेक्षा जास्त बसला तर हेक्टरी 18,000 रुपये. नदीने पात्र बदलून किंवा जमीन वाहून जाऊन मोठं नुकसान झालं तर हेक्टरी 47,000. हे अल्प आणि अत्यल्पभूधारकांसाठी आहे. 2025 च्या ऑक्टोबरात राज्याने जे पॅकेज जाहीर केलं त्यात खरवडलेल्या जमिनीला 47,000 शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंत आणि गाळाने भरलेल्या विहिरीला 30,000 होते. पण तो त्या हंगामापुरता निर्णय होता, दरवेळी तसंच मिळेल असं धरू नका.

पंचनाम्यात नुसतं ‘पिकाचे नुकसान’ लिहिलं की जमिनीचा हक्क तिथेच संपतो. गाळाची जाडी इंचात आणि बाधित क्षेत्र आरमध्ये लिहून घ्या, सही त्यानंतरच करा. गाळात पट्टी उभी करून तीन-चार ठिकाणचे फोटो काढा, आणि पंचनामा होईपर्यंत जेसीबी लावू नका.

बांधबंदिस्ती
मोटार, स्टार्टर आणि ठिबकला आपत्ती निधीच्या या निकषांत स्वतंत्र रक्कम नाही, म्हणून ते वाचवणं तुमच्याच हातात. स्टार्टरची पेटी खांबावर पूरखुणेच्या वर न्या. ठिबकची उपनळी व्हॉल्व्हपाशी सोडवता येईल अशी जोडा. गंगापूर आणि दारणा धरणांचा विसर्ग वाढल्याचा इशारा आला की आधी फ्यूज काढा, मग नदीवरची मोटार वर ओढा.