कार-टी नाशिकात होतं का? (मदत हवी आहे, सोमवारच्या आत)

सातपूरची_सून :
सासऱ्यांचा कॅन्सर परत आलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर कार-टी उपचाराचा व्हिडिओ बघितला. आपल्याच पांढऱ्या पेशी काढतात, शिकवून परत सोडतात, त्या फक्त कॅन्सर मारतात, बाकी शरीराला धक्का नाही. खर्च किती? नाशिकात होतं की मुंबईच गाठायची? धीर देऊ नका, तो भरपूर मिळतोय. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय.

पंचवटीकर :
कॅन्सर कशाचा?

निफाडचा_बागायतदार :
करून घ्या, ताई. माझ्या चुलतभावाला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) होता, केमो दोनदा फसली. रक्तातून टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मशीनने वेगळ्या काढल्या, लॅबमध्ये त्यांना सीडी-१९ ही कॅन्सरच्या पेशींवरची खूण ओळखायला लावलं, वाढवून सलाइनसारख्या परत दिल्या. औषध नेक्सकार-१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात काही कोटी लागतात, इथे आम्हाला ४० लाखांच्या आसपास लागले. आम्ही बागेचा एक तुकडा विकला. तिसऱ्या दिवशी ताप १०३, बीपी खाली, ती रिअ‍ॅक्शन आवरायला टोसिलिझुमॅब हे औषध द्यावं लागलं. आता बरा आहे, छाटणीला येतो.

सीबीएस_कट्टा :
"बाकी शरीराला धक्का नाही" हे मात्र चूक. सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतं, त्याही मरतात. बी-पेशींवाचून माणूस जगतो, गरज पडली तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) देतात, म्हणून तिथे एवढं नुकसान परवडतं. सगळ्या कॅन्सरला तसं नाही.

निफाडचा_बागायतदार :
आम्ही भोगलंय, तुम्ही वाचलंय.

जेलरोड_आजोबा :
गव्हांकुराचा रस, अनशापोटी, ४० दिवस. खर्च शून्य.

सीबीएस_कट्टा :
आजोबा, केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा रस म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. कृपा करा.

जेलरोड_आजोबा :
आमच्या वेळी लोक वाद न घालता बरे व्हायचे.

सातपूरची_सून :
नाशिकात होतं का, हे अजून कुणी सांगितलं नाही. आणि कॅन्सर पोटाचा आहे.

पंचवटीकर :
अहो, पोटाचा म्हणजे जठर, आतडं, यकृत? बायोप्सीत काय लिहिलंय?

सातपूरची_सून :
जठर. हर-टू ३ प्लस. यात काय फरक पडतो?

सीबीएस_कट्टा :
सगळाच फरक पडतो. नेक्सकार-१९ बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, जठराला त्याचा उपयोग नाही. हर-टू म्हणजे काही कॅन्सरच्या पेशींवर भरपूर असणारी खूण, ३ प्लस म्हणजे खूप जास्त. मग ती ओळखणाऱ्या टी-पेशी का नाहीत? करून बघितल्या. अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला दिल्या, २०१० मध्ये ते छापून आलं. १५ मिनिटांत श्वास लागला, पाच दिवसांनी रुग्ण गेला. फुफ्फुसाच्या निरोगी पेशींवर हर-टू अगदी थोडं असतं, तेवढं त्या टी-पेशींना पुरलं असावं, असा निष्कर्ष निघाला. म्हणून आता दोन किल्ल्यांचं कुलूप करू बघतात : दोन्ही खुणा एकाच पेशीवर दिसल्या तरच मारायचं. जठरासाठी चीनमध्ये क्लॉडिन १८.२ या दुसऱ्या खुणेवर काम झालंय. ती खूण निरोगी जठरात दोन पेशींच्या सांध्यात दडलेली असते, कॅन्सरमध्ये उघडी पडते. २०२५ मध्ये चाचणीचे निकाल आले, आजार आटोक्यात राहण्याचा काळ वाढला, पण महिन्यांच्या हिशेबात. उलट्यांचा त्रासही बराच.

निफाडचा_बागायतदार :
हे आधी कळलं असतं तर मी गप्प बसलो असतो. ताई, जमीन विकायच्या आधी थांबा.

ओझर_टू_ठाणे :
खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकला (कॅन्सर संशोधन आणि उपचार केंद्र) दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर पंचवटी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरा, तिथून पनवेल लोकल. कसाऱ्याच्या घाटात गाडी घालू नका.

पंचवटीकर :
हर-टू ३ प्लस असेल तर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध देतात. दिलं होतं का? आणि परत आल्यावर नवीन बायोप्सी केली का? त्या औषधानंतर काहींच्या गाठीतून हर-टू नाहीसं होतं, मग जुना रिपोर्ट धरून चालत नाही. सोमवारी हे दोनच प्रश्न विचारा. कार-टी त्यानंतर.

सातपूरची_सून :
नवीन बायोप्सी नाही केली. जुनी फाइल सिडकोत नणंदेकडे आहे. आणते आणि इथे फोटो टाकते.

पंचवटीकर :
फोटो नको, नाव-नंबर दिसतात. नुसती औषधांची नावं लिहा.