'दर सहा महिन्यांनी सीलर मारा' म्हणणाऱ्यांसाठी: ग्रॅनाईटचा ओटा

खडकाळ

कालच्या एका पोस्टवर दोन ओळी लिहायला बसलो होतो, पण त्या दोन ओळींत मावेना म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी त्या पोस्टचं सार: ग्रॅनाईट एकदा बसवला की आयुष्यभराची सुटका, दर सहा महिन्यांनी सीलर (डाग आत जाऊ नयेत म्हणून दगडात मुरवायचं द्रव) मारा, रोज व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, आणि काळाच घ्या म्हणजे डाग दिसत नाहीत. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. सुटका पण हवी आणि वर्षातून दोनदा सीलर पण मारायचा, हे एका दमात लिहिलंय हे कुणाला खटकलंही नाही!

मुळात 'ग्रॅनाईट' म्हणून दुकानात जे उभं असतं ते सगळं ग्रॅनाईट नसतं. खऱ्या ग्रॅनाईटमध्ये क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि थोडा अभ्रक. काळे दगड बहुतेक गॅब्रो किंवा डोलेराईट या दुसऱ्या खडकांच्या जातीचे. आंध्रातल्या चिमकुर्तीच्या खाणीतला ब्लॅक गॅलेक्सी त्यातलाच, त्यातले सोनेरी ठिपके ब्रॉन्झाईट या खनिजाचे. ब्लू पर्ल म्हणून मिरवतो तो नॉर्वेचा लार्विकाईट. ओट्यासाठी यातलं काहीही चालतं, तक्रार त्याची नाही. पण प्रत्येकाची पाणी पिण्याची ताकद वेगळी, मग सगळ्यांना एकच वेळापत्रक कसं लागू होईल?

त्यामुळे स्लॅब ठरवण्याआधी त्याच स्लॅबचा तुकडा मागून घ्या. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं दुसरं काहीतरी करा. खालचा दगड काळवंडला तर तो पितो, त्याला सीलर हवा. थेंब तसाच उभा राहिला तर सीलरचं काम नाही. घट्ट काळ्या दगडात सीलर आत जातच नाही, वर सुकतो आणि धुरकट थर धरतो. मग लोक म्हणतात 'पॉलिश गेलं'.

मग लिंबाचा रस. पुसल्यावर निस्तेज ठसा राहिला तर त्यात कॅल्साईट आहे, म्हणजे नाव काहीही असो, तुम्ही संगमरवराच्या नातेवाईकाला घरी आणताय. आणि काळा घेताय तर पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन जोरात घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. अशा ओट्यावर आंबट सांडलं की राखाडी डाग पडतो. दगड जळला असं वाटतं, उडालेला असतो तो रंग.

राहिलं व्हिनेगर. क्वार्ट्झ-फेल्डस्पारला त्याने लगेच काही होत नाही, पण सीलर लवकर उतरतो आणि साबणाच्या कोमट पाण्यापेक्षा ते काही जास्त स्वच्छ करत नाही. काळ्यावर डाग दिसत नाहीत म्हणणाऱ्यांनी पाण्याचे सुकलेले ठिपके कधी पाहिलेच नसावेत.

घासूनपुसून

ती वाहवा करणाऱ्यांच्या रांगेत मीही होते, धन्यवाद.

दगडाची सगळी कुळकथा वाचली. आता ज्याच्या घरात रोज चूल पेटते त्याचं ऐका. माझा ओटा फिकट, करड्या ठिपक्यांचा. बसवणाऱ्याने सीलरचा 'स' काढला नाही, आणि तुमच्यासारख्याच एका जाणकाराने सांगितलं होतं की पाणी टाकून बघ, थेंब उभा राहतोय ना, मग झालं. थेंब उभा राहिला. तेलाची बाटली शेगडीशेजारी ठेवत गेले आणि तिच्या बुडाचं गोल कडं दगडात उमटलं. घासून घासून हात दुखले, कडं तसंच. पाण्याचा थेंब आणि तेलाचा थेंब एक नसतो हो! तुमच्या परीक्षेत तेल कुठंय?

सीलर मारायला तासभर लागतो. डाग पडल्यावर आयुष्यभर बघत बसावं लागतं. मारा की दर सहा महिन्यांनी, कुणाचं काय जातंय?

खडकाळ

जातं ते वर लिहिलंय, धुरकट थर.

तेलाचा मुद्दा मात्र घ्या, देऊन टाकला. तुकड्यावर तेलाचा थेंबही टाकून बघावा. शिवाय सीलरमध्येही जाती आहेत. नुसते सिलेन-सिलोक्सेनवाले मुख्यतः पाणी अडवतात, तेल अडवायला फ्लुओरोवाला लागतो. डबा न वाचता स्वस्तातला पाणीवाला दर सहा महिन्यांनी मारत राहिलात तरी तुमचं कडं पडलंच असतं. आणि सीलर म्हणजे चिलखत नव्हे. तो फक्त पुसायला वेळ मिळवून देतो.

कडं अजून असेल तर लेप लावा. खायचा सोडा किंवा केओलिन माती ॲसिटोनमध्ये कालवून दाट लगदा करायचा, डागाच्या थोडा बाहेरपर्यंत बोटभर जाड थापायचा, वरून प्लॅस्टिक घालून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढायचं आणि लेप *पूर्ण* सुकू द्यायचा. सगळी करामत या सुकण्यात आहे, सुकताना तो तेल वर ओढतो. लोक ओलाच खरवडतात आणि उपयोग नाही म्हणतात. जुना डाग एका लेपात जात नाही. आणि ॲसिटोन भसकन पेट घेतं, शेगडी बंद, खिडकी उघडी.

सांधेवाला

डाग, डाग, डाग. ओटा डागाने मरत नाही हो, सिंकपाशी मरतो. यावर कुणी धागा काढत नाही.

सिंकसाठी भोक पाडल्यावर पुढे आणि मागे चार बोटांची पट्टी उरते. अख्खा स्लॅब उचलताना सगळा भार त्या पट्टीवर. म्हणून काही जण तिच्या खालून चर मारून लोखंडी सळई बसवतात. कल्पना चांगली, पण सळई साध्या लोखंडाची असेल आणि तिथे पाणी झिरपत राहिलं तर ती गंजते, गंजून फुगते, आणि आतून दगड फोडते. माझ्या घरची पट्टी अशीच उकलली, सिंकला समांतर, सरळ रेषेत. वर्षानुवर्षं मी 'कुणी काय जड आपटलं' म्हणून घरातल्या सगळ्यांवर खेकसत होतो. फोडल्यावर आत तांबडा भुगा. स्टेनलेस किंवा फायबरची सळई घालायला सांगा.

२० मिलिमीटरचा स्लॅब असेल तर बाहेर काढलेल्या कडेखाली आधार हवाच. ३० चा असला तरी माज नको. आणि सिंक खालून बसवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. तो सांधा काळा पडल्यावर भेटू.

घासूनपुसून

खालून बसवलेलं सिंक म्हणजे एका हाताने सगळा कचरा आत. वरून बसवलेल्याच्या कडेला जी काळी रेघ जमते ती दात कोरणीने कोण काढतं? तुम्ही? की घरातले, ज्यांच्यावर खेकसता ते?

सांधेवाला

😐 पास.

मीच_ती

हसावं की रडावं? ॲसिटोन, लेप, सळया, थेंबांच्या परीक्षा. एवढं सगळं एका ओट्यासाठी? आम्ही सरळ क्वार्ट्झ घेतला, तो कारखान्यात बनतो तो. सीलर नाही, पाणी पिणं नाही, रंग हवा तो. दगडाचं प्रेम असेल तर डोंगरावर जा.

खडकाळ

खुशाल घ्या. फक्त गरम कढई उचलून थेट त्यावर ठेवू नका, त्यातला रेझीन (दगडाचा चुरा चिकटवणारं प्लॅस्टिकसारखं द्रव्य) करपतो आणि तो डाग कुठल्याच लेपाने निघत नाही. उन्हात पिवळाही पडतो. ग्रॅनाईटलाही हल्ली कारखान्यात रेझीन पाजतात म्हणून त्यावरही बूड टेकवायची जाळी वापरलेली बरी, पण तिथे रेझीन फटींपुरतं असतं.

कटरवाला

बराच वेळ गप्प वाचत होतो. 'सरळ क्वार्ट्झ घेतला' वाचलं आणि राहवलं नाही. मी हे कापतो. कारखान्यातल्या क्वार्ट्झमध्ये ९० टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते. कापताना जी बारीक धूळ उडते ती दिसत नाही, फुप्फुसात जाऊन बसते आणि परत येत नाही. त्यातून सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, त्यावर उपचार करून बरं होणं नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कारखान्यातल्या क्वार्ट्झवर सरसकट बंदी घातली. देशपातळीवर अशी बंदी घालणारा तो पहिला देश. एका देशाने अख्खा माल बंद केला आणि इथे चर्चा काय, तर सीलर मारावा लागत नाही!

मीच_ती

एक मिनिट. मी ओटा घेतला, खून नाही केला. आणि ग्रॅनाईटमध्ये क्वार्ट्झ असतं हे वरच लिहिलंय ना? क्वार्ट्झ म्हणजेच सिलिका. मग तुमची ग्रॅनाईटची धूळ काय अत्तर आहे का? सोयीचा राग बरा असतो.

कटरवाला

नाही, अत्तर नाही. ग्रॅनाईटमध्येही साधारण पाव ते जवळपास निम्मी सिलिका असते, दगडाप्रमाणे. कोरडा कापला तर तोही मारतो, सावकाश. जिंकलात, खूश?

पण आता घरात काय होतं ते सांगतो, कारण ते तुमच्या डोळ्यांदेखत होतं. स्लॅब येतो, सिंकचं माप जुळत नाही, घाई असते. मग पोरगा ग्राइंडर काढतो आणि ओट्यावरच भोक मोठं करतो. कोरडं. पाणी मारलं तर चिखल उडतो आणि मालकांना भिंती खराब झालेल्या चालत नाहीत. तोंडाला रुमाल. रुमालाने ती धूळ अडत नाही, चांगला बसणारा फिल्टरचा मास्क लागतो. पांढरा ढग होतो खोलीत, घरचे दार लावून घेतात आणि आतून विचारतात 'अजून किती वेळ?' तो पोरगा त्या ढगात उभा असतो. धूळ बसली की कोरड्या झाडूने तीच परत उडवतो. मी तो पोरगा होतो.

माप आधी नीट द्या. सिंक आणि शेगडी आणून ठेवा, कापकाम कारखान्यात पाण्याखाली होऊ दे. घरी कापावंच लागलं तर पाणी मारू द्या, भिंती पुसता येतात.

निवांत

अवांतर: ग्रॅनाईटमधून रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू निघतो, त्याचं काय? कॅन्सर होतो म्हणे.

खडकाळ

आलं. ग्रॅनाईटमध्ये थोडं युरेनियम असतं, रेडॉनही निघतो, पण घरातल्या रेडॉनचा मुख्य रस्ता म्हणजे पायाखालची माती. २००८ मध्ये अमेरिकेत यावरून मोठी बोंब झाली होती. तिथल्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचं म्हणणंही हेच की ओट्यांची भर सहसा नगण्य असते. काळजी असेल तर हवा मोजून घ्या, ओटा फोडू नका. कटरवाल्यांचं बोलणं चालू होतं, मध्ये हे कशाला?

मीच_ती

कटरवाले, 'अत्तर' शब्द जरा जास्तच झाला. पण बंदी घालायची तर कोरड्या कापण्यावर घाला. ऑस्ट्रेलियातली बंदी फक्त कारखान्यातल्या मालावर. मग तिथला ग्रॅनाईट कापणारा माणूस आपोआप सुरक्षित झाला का?

कटरवाला

नाही झाला. नियम तिथेही पाळावे लागतातच. पण ९० आणि ३० टक्क्यांत फरक आहे, आणि क्वार्ट्झवाली पोरं फार लवकर आजारी पडतात. तुमचा मुद्दा कागदावर बरोबर आहे.

मीच_ती

'कागदावर बरोबर' एवढं मिळालं तरी खूप.

घासूनपुसून

मूळ विषयाकडे येऊ का? खडकाळ, लेप लावला. ओला नाही खरवडला, नीट वाट बघितली. कडं फिकं झालंय, गेलेलं नाही. त्यामुळे तुम्ही अर्धेच बरोबर. सीलर मी मारणारच, पण थेंब टाकून बघून आणि तेलवाला डबा आणून. याला माघार समजू नये.

दुसरं, नळाच्या बुडाशी पांढरा कडक थर जमलाय. बाजारात गंज आणि क्षार काढायचं एक औषध मिळतं, ते ओतू का?

खडकाळ

ओतू नका!! आधी डबा वाचा. गंज काढायच्या काही औषधांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं. ग्रॅनाईट खाणारं घरात सापडेल असं हे एकच आम्ल, आणि हातावर पडलं तर दगडाआधी तुमची काळजी करावी लागेल. तो थर पाण्यातला चुना आहे. साबणाच्या पाण्याने भिजवा आणि नवं ब्लेड अगदी आडवं धरून हलकेच खरवडा. फेल्डस्पार चांगला कठीण आहे, चुना कितीतरी मऊ. दगडावर ओरखडा सहसा पडणार नाही.

बाकी अर्धं बरोबर चालेल. दुसरा लेप लावा.

सांधेवाला

नळाच्या बुडाशी थर म्हणजे तिथे पाणी साचतंय. नळाखालचं सिलिकॉन बघा आधी. आणि सिंक खालून बसवलंय ना?

घासूनपुसून

सिंक वरूनच आहे, सांधेवाले. काळ्या रेघेबद्दल उगाच नव्हते बोलत.