मदत हवी आहे: बसमधलं घर आतून नव्याने करायचंय, पत्र्याच्या घामाचं काय करू?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येते इतक्या अंतरावर, सासऱ्यांच्या कलमांच्या बागेत आमची बस उभी आहे. जुनी शाळेची बस. आतून 24 फूट लांब, साडेसात फूट रुंद, उंची 6 फूट 2 इंच. नवरा, मी आणि मांजर बारा महिने तिच्यातच राहतो. (हौस थोडी, घराच्या वाटणीचा घोळ जास्त. तो विषय पुन्हा कधीतरी.)

आतलं काम शहरातल्या एका वर्कशॉपने केलं होतं. पत्र्याला ग्लासवूल, वर साधा प्लाय, त्यावर लॅमिनेट. पहिला पावसाळा निभला. दुसऱ्यात श्रावण येईपर्यंत पलंगाखालचा प्लाय फुगला, कपाटातल्या चपलांवर हिरवी लव आली. गणपती गेल्यावर एक पॅनल उचकटलं, तर मागचं ग्लासवूल भिजलेल्या गोधडीसारखं जड. पिळलं तर तांबडं पाणी. उंदरीणबाईंचं बाळंतपणही त्यातच उरकलेलं. मग सगळंच उपसलं. आता आत नुसता सांगाडा आहे आणि आम्ही मांगरात (बागेतल्या खोपटात) झोपतोय.

पाणी दोन वाटांनी येत होतं. एक सरळ गळती: नळीने पाणी मारून पाहिलं तेव्हा छतावरच्या जुन्या कॅरियरचे बोल्ट आणि दोन खिडक्यांची रबरं सापडली. त्याचा बंदोबस्त होईल. दुसरी वाट मात्र पाऊस नसतानाही चालू असते. परवा मुद्दाम एक रात्र आत झोपलो. आभाळ निरभ्र, बाहेर दव. पहाटे टॉर्च मारला तर कमानींच्या मधला छताचा पत्रा आतून घामाने डबडबलेला. थेंब उतारावरून ओघळून खिडकीच्या वरच्या चॅनलमध्ये जमत होते, आणि गंज नेमका त्याच चॅनलला आहे. त्यात आपला स्वयंपाक. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं, म्हणजे 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे वीस लिटरच्या वर! नवऱ्याला खरं वाटेना, मग कागदावर गणित मांडून दाखवलं.

आता खरा पेच. गंज घासून, इपॉक्सी झिंक प्रायमर मारून पत्र्याला बंद पेशींचा फोम (एक्सपीएस शीट किंवा पीयू स्प्रे) चिकटवायचा, मध्ये फट ठेवायचीच नाही, म्हणजे दमट हवा थंड पत्र्यापर्यंत पोचणारच नाही, असा माझा विचार. नवरा म्हणतो, उद्या एखादं रिव्हेट गळलं तर पाणी फोममागे अडकेल आणि पत्रा आतल्या आत सडेल, आपल्याला पत्ताही लागणार नाही. त्याला फट ठेवून वरखाली जाळ्या हव्यात, कौलारू घराला असतो तसा वारा. पण तो वारा पावसाळ्यात दमटच असणार ना? बंदरावर फायबरच्या होड्या करणारे एक काका येऊन बघून गेले. ते म्हणाले, "लोखंड उघडा ठेवलंस गो, तर खारो वारो खाऊन टाकतलो." त्यांचा सल्ला, आतून सरळ फायबर मारून टाका. पत्र्यावर फायबर कितपत धरतं? बस उन्हात तापते, रात्री आकसते, तेव्हा सुटणार नाही का?

उंचीचीही अडचण आहे. नवरा सहा फुटी. छताला 50 मिमी फोम आणि वर प्लाय लावला की त्याने कायमचं मान वाकवून राहायचं. 25 मिमीवर कोणाचं भागलंय का?

प्लाय यावेळी आयएस 710 चाच (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) घेणार, तो धडा मिळाला. सुतार मात्र फणसाच्या फळ्यांच्या मागे लागलाय. दिसतात सुरेखच, पण बसमध्ये वजन आणि वाळवी दोन्हींची भीती वाटते. स्क्रूंचं कोणी सांगेल का? जुने लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत होते, तिथे पांढरी भुकटी झालीये. खाऱ्या हवेत 316 स्टील 304 पेक्षा टिकतं हे माहीत आहे, पण आतल्या बाजूलाही तेवढा खर्च करावा का?

एसी लावा असं कृपया सांगू नका. सोलर जेमतेम एक किलोवॅटचं आहे आणि पावसात तेही झोपतं. आरटीओचे प्रश्नही इथे नकोत, ते वेगळे निस्तरतोय. किनाऱ्यालगत पत्र्याच्या खोलीत, कंटेनरमध्ये किंवा बोटीच्या केबिनमध्ये निदान दोन पावसाळे काढलेल्यांचे अनुभव हवेत. काम मिरगाच्या आत आटपायचंय.

भर: दोघांनी बसवरच वेगळा मांडव घालायला सुचवलंय, म्हणजे रात्री पत्रा उघड्या आभाळाखाली गार पडणार नाही. हे पटलं. सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, वर नारळाच्या झावळांची झापं घाला म्हणून. तेव्हा आम्ही हसलो होतो. पण मांडव घातला तर मग आतला फोम पातळ चालेल का, हे सांगा. चॅनलचे फोटो उद्या टाकते, मांगरात रेंज नाही.