गाडी लोअर केली की राइड बिघडतेच का?

घाटवाट
दोन वर्षांपूर्वी मी माझी स्विफ्ट 40 मिमी खाली बसवली होती. गेल्या महिन्यात मूळ स्प्रिंगा परत घातल्या. माझं मत आता पक्कं आहे: आपल्या रस्त्यांवर रोज पळणारी गाडी लोअर करू नये.

पोट घासतं, चेंबरला मार बसतो, हे सगळेच सांगतात. खरं नुकसान वेगळं आहे. खड्ड्यात चाकाला वर सरकायला जी जागा असते ती जाते. समजा ती 80 मिमी होती; गाडी 40 ने खाली आणली की उरली 40. खड्डा मात्र तेवढाच खोल. तोच दणका निम्म्या अंतरात जिरवायचा म्हणून स्प्रिंग कडक लागते, आणि तरीही जिरला नाही तर शॉकअप रबरी स्टॉपरवर जाऊन आपटतो. माझ्या गाडीचा मागचा स्टॉपर काढला तेव्हा हातात नुसता भुगा आला.

साताऱ्याहून पुण्याला निघालं की शिरवळ यायच्या आत आई मागून म्हणायची, "जरा थांब रे, कंबर भरून आली." दीड वर्ष मी ते वयावर ढकललं. मूळ स्प्रिंगा घातल्यावर ती पुण्यापर्यंत एकदाही थांब म्हणाली नाही.

अलाइनमेंट
आईंना झाला तो त्रास खरा आहे, पण दोष तुम्ही चुकीच्या जागी ठेवताय. तुम्ही फक्त स्प्रिंगा बदललेल्या दिसतात, शॉकअप जुनेच. कडक स्प्रिंग दाबली की जोरात उसळते आणि कंपनीच्या शॉकअपला ती उसळी आवरत नाही. एका उंचवट्यावर गाडी तीनदा डुलते. कंबर भरते ती यानं.

माझी पोलो 25 मिमी खाली आहे, स्प्रिंगांना जुळणारे शॉकअप घालून. एक्सप्रेसवेवर लेन बदलताना पूर्वी ती आधी कलायची, मग वळायची. आता स्टिअरिंगबरोबर वळते आणि सांध्यावरून गेली की एका झटक्यात स्थिर होते. मला ही राइड मूळपेक्षा चांगली वाटते.

आणि रस्त्याचं म्हणाल, तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच असतो. स्विफ्टची दोन चाकं 2.45 मीटर अंतरावर. म्हणजे पुढचं-मागचं दोन्ही चाक त्याच उंचवट्यावर असतं आणि मधोमध जेमतेम साडेचार सेंमी फुगवटा पोटाखाली येतो. लोअर गाडीही आरामात जाते. नडतात ते गल्लीतले हातभर रुंदीचे डांबराचे बांध. त्यांच्याबद्दल महापालिकेकडे तक्रार करा, स्प्रिंगांबद्दल कशाला?

घाटवाट
हिशोब पटला. पण आमच्या घरापासून हायवेपर्यंत असे बांध सात आहेत आणि नियमातला एकही नाही. तक्रारी दोनदा केल्या. तोवर गाडी त्याच सातांवरून न्यायची आहे.

गॅरेजवाला_कोल्हापूर
26 वर्षं हेच काम करतोय. तुमचं दोघांचं भांडण निदान तयार स्प्रिंगांवरून आहे. माझ्याकडे पोरं येतात ती ग्राइंडरनं वेटोळं कापून घ्यायला. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग 20 टक्के कडक होते, आणि चाक हवेत गेलं की ती वाटीतून सुटते. काही जण गॅसनं तापवून बसवा म्हणतात. तापवलेल्या पोलादाची ताकद जाते. मी दोन्ही करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

अजून एक. गाडी खाली गेली की पुढची चाकं वरच्या बाजूनं आत कलतात आणि टो, म्हणजे वरून बघता चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, बिघडतो. अलाइनमेंट केलं नाही तर टायर आतल्या कडेनं तारेपर्यंत झिजतो. बाहेरून टायर नवा दिसतो, म्हणून हात आत घालून बघा.

म्युनिचकर
इथे जर्मनीत माझी गाडी 30 मिमी लोअर आहे. किट बसवलं की टीयूव्हीसारख्या संस्थेच्या तपासनीसाला गाडी दाखवायची, त्यानं मान्य केलं की कागदावर नोंद होते. मुलं मागे झोपून जातात. म्हणून "राइड बिघडतेच" हे मला मान्य नाही. कुठल्या रस्त्यावर, ते सांगा.

कोथरूडकर
आपल्याकडे गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय. अपघातानंतर विमा कंपनीनं बोट ठेवलं तर काय उत्तर देणार, हे बसवण्याआधी ठरवा.

अलाइनमेंट
काल एक प्रयोग केला. मागच्या शॉकअपचं धूळ अडवणारं रबर वर सरकवून दांडीला केबल टाय घट्ट बांधला. शॉकअप जेवढा दबतो तेवढा टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. मी एकटा फिरून आलो तेव्हा टाय आणि स्टॉपरमध्ये 20 मिमी जागा उरली होती. मग संध्याकाळी घरचे चौघं बसलो आणि कोपऱ्यावरचा एक बांध ओलांडला, ताशी 15 ने. टाय स्टॉपरला जाऊन चिकटला होता.

मी बहुतेक वेळा एकटाच चालवतो, म्हणून हे मला कधी कळलंच नव्हतं. घाटवाटदादा, मागच्या सीटबद्दल तुमचं बरोबर आहे. माझ्या स्प्रिंगा मी काढणार नाही, पण बाबांना गावी नेताना यापुढे बहिणीची गाडी मागून घेईन.