जेम १९१२ रेझर: कोन नेमका कसा धरायचा?

पाटी_कोरी
जुना जेम १९१२ मिळाला आहे. पितळेवर निकेलचा मुलामा, झाकण वर उचलून एकधारी ब्लेड घालायचं, तोच. ब्लेड नवीन, स्टेनलेस, जेमचंच. आतापर्यंत दुधारी रेझर वापरत होतो. त्याच सवयीने दांडी गालाशी साधारण तीस अंशांत धरली, तर रेझर कापण्याऐवजी खरवडतोय असं वाटतं. खरखर आवाज येतो, मानेवर आग होते आणि डाव्या बाजूला दर वेळी एक बारीक काप बसतो. सुलटा हात, म्हणजे केसांच्या वाढीच्या दिशेने, मारूनही हीच गत. चूक माझ्या हाताची की रेझरची? शिवाय कोणीतरी सांगितलं की ब्लेडची जाड पाठ काढून टाकायची असते. खरं का?

उलटा_हात
तीस अंश हा दांडीचा कोन नाही. सगळा घोळ तिथेच आहे. दुधारीसाठी सांगतात तो कोन धार आणि कातडी यांच्यामधला. दुधारीत ब्लेड दांडीशी साधारण काटकोनात असतं, म्हणजे दांडी तीस अंशांवर आणली की धार साठावर उभी राहते. दुधारीचं पातळ ब्लेड एवढी चूक थोडीफार पोटात घालतं, जेम घालत नाही. दुधारी ब्लेड असतं ०.१ मिमी जाड, जेमचं असतं सुमारे ०.२३. ते लवत नाही, त्यामुळे धार उभी राहिली की सरळ रंधा मारल्यासारखं होतं.

दांडीकडे बघायचंच सोडा आणि झाकणाकडे बघा. झाकणाचा पुढचा सपाट भाग गालावर पूर्ण टेकवा. दांडी चेहऱ्यापासून जवळजवळ काटकोनात बाहेर येईल. आरशात ते विचित्र दिसतं आणि दांडी खाली ओढायचा मोह होतो, तो टाळा. आता फेसावरून रेझर खाली सरकवा. काहीच कापलं जात नसेल तर दांडी अगदी केसभर खाली घ्या. केस तुटल्याचा आवाज आला की तो कोन तसाच धरून ठेवायचा. एकधारीचा आवाज दुधारीपेक्षा मोठाच असतो, त्याला घाबरू नका. ‘चर्र चर्र’ चांगला. ‘खर्र’ करत रेझर अडखळला तर दांडी जास्त खाली गेली आहे.

दाब शून्य. रेझरचं वजन पुरतं. दांडी शेवटाकडे तीन बोटांत धरली तर दाबायचं म्हटलं तरी नीट दाबता येत नाही, सुरुवातीला हा सोपा उपाय आहे.

पितळी
कोनाचं वर आलंच आहे. पण काप दर वेळी एकाच बाजूला बसतो म्हणताय, तर आधी रेझर तपासा.

पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन बारीक खुंट्या असतात. ब्लेडच्या धारेचे कोपरे त्यांना टेकतात आणि मागची स्प्रिंग पाठीला पुढे रेटते. धार किती बाहेर राहणार हे या खुंट्याच ठरवतात. शंभर वर्षांत एखादी झिजलेली, वाकलेली किंवा तुटलेली असते. मग त्या बाजूची धार जास्त पुढे येते आणि तिथे काप बसतो.

ब्लेड बसवून झाकण ‘टक्’ असं लागेपर्यंत बंद करा. रेझर उजेडासमोर धरून समोरून बघा. झाकणाची कड, धार आणि खालची संरक्षक पट्टी एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. तिरकं दिसलं तर ब्लेड काढा, कागदाने खुंट्यांमागचा वाळलेला साबण खरवडा आणि पुन्हा बसवा. बऱ्याचदा गोम एवढीच असते. तरीही तिरकंच असेल तर दुसरं ब्लेड घालून बघा. तेही त्याच बाजूला तिरकं बसलं तर दोष रेझरचा, सरळ बसलं तर पहिल्या ब्लेडचा. शेवटी नखाने झाकणावर टिचकी मारा. आत ब्लेड खुळखुळलं तर स्प्रिंग सैल आहे. अशा रेझरने कोन कितीही बरोबर धरला तरी धार थरथरणार.

खुंटी वाकली असेल तर पकडीने सरळ करत बसू नका. जुनं पितळ एकदा वाकून कडक झालेलं असतं, दुसऱ्यांदा वाकवलं की तुटतं. हे रेझर लाखांनी बनले, दुसरा मिळतो.

पाठीबद्दल: १९१२ मध्ये ती काढायची नाही. स्प्रिंग तिलाच रेटते. पाठ काढली तर ब्लेड मागेपुढे सरकेल आणि धारेची जागा देवावर सोडावी लागेल.

पाटी_कोरी
डावी खुंटी ठीक आहे, पण तिच्यामागे साबणाचा दगड झाला होता. काढल्यावर धार समांतर दिसते. आता दोन प्रश्न. रेझर उकळून घ्यावा का? आणि इथे ही ब्लेडं महाग पडतात. हार्डवेअरच्या दुकानात काच खरवडायची एकधारी ब्लेडं मिळतात, ती अगदी अशीच दिसतात. चालतील?

पितळी
उकळू नका. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, मऊ टूथब्रश. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं. पांढरे क्षार बसले असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. रात्रभर बुडवून ठेवाल तर सकाळी निकेलखालचं पितळ दिसेल. चिंच, पितांबरी यांच्या वाटेला जाऊच नका, देवघरातल्या समईवर मुलामा नसतो. दाढी झाली की झाकण उघडून धुवा आणि उघडंच वाळू द्या.

उलटा_हात
हार्डवेअरची ब्लेडं नकोत. ती बसतात, हीच अडचण. आकार तोच, साधारण दीड इंच लांब आणि पाऊण इंच रुंद, म्हणून खुंट्यांना बरोबर टेकतात. पण धार रंग आणि गोंद खरवडण्यासाठी लावलेली असते. दाढीच्या ब्लेडला स्टेनलेस पोलाद, जास्त बारीक धार आणि वर टेफ्लॉनसारखा गुळगुळीत थर असतो, त्यामुळे केसातून जाताना ते ओढत नाही. पाकिटावर दाढीसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलं असेल तरच घ्या.

दुधारी ब्लेड मोडून अर्धं घालणं, जसं आपले न्हावी वस्तऱ्यात घालतात, तेही इथे जमत नाही. अर्धं ब्लेड ११ मिमी रुंद, पाठ नाही, जाडी निम्म्याहून कमी. स्प्रिंग आणि खुंटी दोन्ही त्याला धरणार नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर एक ब्लेड साधारण चार ते सात दाढ्या चालतं. धार टॉवेलने पुसू नका. पाणी झटका, तेवढं पुरे.

तुरटीवाला
दोघांनी फेस सोडून दिला. जेमला कोरडा, कापसासारखा फुगलेला फेस चालत नाही. तो दिसतो छान, पण त्यात पाणी नसतं आणि धार कातडीवर अडते. ब्रश साबणावर २०–३० सेकंद फिरवा, मग ब्रशचं टोक तीन-चारदा पाण्यात बुडवत चेहऱ्यावर दोन मिनिटं फेटा. दह्यासारखा चकचकीत झाला की थांबा. बोटाने पुसल्यावर खालची कातडी बुळबुळीत लागली पाहिजे. पाणी जड असेल, विहिरीचं किंवा बोअरचं, तर साबण जास्त घ्या.

पहिल्या आठवड्यात जेम फक्त गालांवर चालवा, तोही एकच सुलटा हात. हनुवटी आणि मान नेहमीच्या रेझरने उरकून घ्या. नंतर हनुवटी, सगळ्यात शेवटी मान. मानेवर केस अनेकदा आडवे किंवा चक्क वर उगवतात, त्यामुळे ‘वरून खाली म्हणजे सुलटा’ हे तिथे खरं नसतं. दोन दिवसांची दाढी वाढू द्या आणि बोटं फिरवून बघा, कुठल्या दिशेने टोचत नाही ते. तीच सुलटी दिशा. आडवा हात दुसऱ्या आठवड्यापासून. उलटा हात महिनाभर विसरा (वर नाव काहीही घेतलेलं असो).

जबड्याच्या कडेवर रेझर वळवायला जाऊ नका, सरळ पट्टी वळणावर बसत नाही. दुसऱ्या हाताने कातडी कानाकडे ओढून ते केस गालाच्या सपाटीवर आणा. मिशीच्या जागी रेझरचं डोकं जाड पडतं. नाकाचं टोक वर उचला, वरचा ओठ दातांवर ताणा आणि अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे घ्या.

शेवटी ओली तुरटी फिरवा. जिथे चुरचुरलं तिथे दाब जास्त पडला, दुसऱ्या दिवशी तिथेच हात हलका ठेवायचा. अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका.

पाटी_कोरी
झाकण सपाट टेकवून दोन दाढ्या झाल्या. खरखर गेली, डावा काप नाही. नाकाखाली अजून केस राहतात. आणखी एक, हीच ब्लेडं एव्हर-रेडीच्या जुन्या रेझरला चालतात का? बाजारात एक दिसतोय.

पितळी
१९१४ आणि १९२४ मॉडेल असेल तर चालतात. पण फार जुना, खाली फेस साठवायला डबीसारखा भाग असलेला दिसला तर थांबा. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंचं १८८० चं पेटंट होतं, त्या घराण्यातल्या रेझरांना वस्तऱ्यासारखं घडवलेलं जाड पातं लागायचं आणि ते चामड्याच्या पट्ट्यावर परजावं लागायचं. आजचं जेम ब्लेड त्यात अ‍ॅडॅप्टरशिवाय बसत नाही. शिक कंपनीचे इंजेक्टर आणि व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप या रेझरांची ब्लेडं तर पूर्ण वेगळी. विकणाऱ्याकडून झाकण उघडून खुंट्यांचा फोटो मागवा. तो देत नसेल तर घेऊ नका.

नाकाखालचे राहू देत आणखी आठवडाभर.