दुसऱ्यांचं पाहून पाहून... तुमचे अनुभव लिहा

रामबागवाली
धाकटी बहीण बाळंतपणाला घरी आली आहे. परवा रात्री तीनला पाणी प्यायला उठले तर तिच्या मच्छरदाणीत निळा उजेड. बाळ मांडीवर, बोट फोनवर. मी दारातच थांबले. २०१८ च्या डिसेंबरात त्याच खोलीत मी अशीच बसायचे.

वर्गातल्या एका मैत्रिणीला माझ्याआधी नऊ दिवस मुलगी झाली होती. तिची लेक पालथी पडली, हसली, मैत्रिणीचं वजन उतरलं, सगळं इन्स्टावर. मी रोज दिवस मोजायचे. माझी अजून पालथी पडत नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. तिच्या पाळण्याच्या खोलीचे साठेक स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. एका रात्री पाजता पाजता डोळा लागला आणि फोन हातातून सुटून लेकीच्या कपाळावर पडला. भुवईच्या वर कोपऱ्याची लाल खूण उठली. ती कळवळून रडत होती आणि रजईवर पडलेल्या फोनमध्ये मैत्रिणीची मुलगी हसत होती. घरात सांगितलं, पाळण्याची कडी लागली. आजवर तेच सांगते.

बहिणीला काय सांगू कळत नाही. तुमचं काय झालं होतं ते लिहा.

कापडवाला_भिया
माझं लिंक्डइन. इंदूरच्या जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजची माझी अख्खी बॅच बंगळूर नाहीतर सिएटल. बाबांना अटॅक आला, मी सीतलामाता बाजारात दुकानावर बसलो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यामागे तेच, कोण व्हीपी झाला, कोणी घर घेतलं. एकदा बायकोने विचारलं आज धंदा कसा झाला, तर मला सांगताच येईना. गल्ला मोजला तेव्हा कळलं, चांगला झाला होता.

हळदीकुंकू
बहिणीला हळिवाचे लाडू देताय ना ताई? हळीव मारोठिया बाजारात छान मिळतात, निवडलेले.

मानसी_शिकवते
मी मानसशास्त्र शिकवते. लिऑन फेस्टिंगरने १९५४ मध्ये हे मांडलंय. स्वतःला मापायला दुसरी फूटपट्टी नसली की माणूस माणसांकडे बघतो, आणि तेही आपल्यासारख्याच. म्हणून नटीचं बाळ बघून ताईंना काही वाटलं नसतं, नऊ दिवसांनी मोठं वर्गमैत्रिणीचं बाळ लागलं. वाड्यात असे 'आपल्यासारखे' चार-पाच असायचे. आता बोटाने ओढत राहा, संपतच नाहीत. मन खचलेलं असलं की जास्त बघतो, बघून आणखी खचतो. इन्स्टावर लाइकचे आकडे २०२१ पासून लपवता येतात, मी लपवलेत. पण कुणाचं बाळ कधी पालथं पडलं ते कसं लपवणार?

बहिणीवर लक्ष ठेवा. पहिले काही दिवस बाळंतिणीला रडू येतंच. दोन आठवड्यांच्या वर गेलं, झोप-भूक उडाली, तर डॉक्टरांना दाखवाच. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

भंवरकुआं_रूम
माझी पीएससीची, म्हणजे सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी. 'आज १४ तास अभ्यास'वाले व्हिडिओ, टायमरसकट. माझे सहा झाले म्हणून रात्री तसलेच अजून बघतो, दोन वाजतात. सकाळी लायब्ररीत डोळे मिटतात, मग चारच होतात. टेलिग्रामवर टेस्टचे मार्क पडले की पोटात गोळा. आता रात्री फोन खालच्या काकूंकडे ठेवतो.

सुदामानगरच्या काकू
बाळा जेवतोस ना वेळेवर? डबा कुणाचा?

भंवरकुआं_रूम
मेस आहे काकू. पोळ्या जाड असतात.

सुदामानगरच्या काकू
रविवारी ये. मऊ पोळ्या करते, आणि श्रीखंड.

धाकटी_जाऊ
सगळे म्हणतात त्यांनाही आतून काहीतरी दुःख असतं. माझ्या जाऊबाईंना नाही हो. त्या खरंच मजेत आहेत. पुण्यात मोठा फ्लॅट, सासूबाई दर उन्हाळ्यात तिकडेच. मी पाच वर्षं त्या दुःखाची वाट बघत त्यांचं स्टेटस उघडत होते. मागच्या वर्षी त्यांचं ऑपरेशन निघालं आणि क्षणभर मला बरं वाटलं. त्याची अजून लाज वाटते. त्याच दिवशी स्टेटस म्यूट केलं. आता शनिवारी फोन करते. गुडघ्याचं, भाजीचं, मुलांचं बोलतो. फ्लॅटचा विषय निघतच नाही.

कापडवाला_भिया
वहिनी, हे लिहायला हिंमत लागते. मित्राची नोकरी गेली तेव्हा माझंही असंच झालं होतं. कुणाला बोललो नव्हतो.

मानसी_शिकवते
@धाकटी_जाऊ, मिठी.

रामबागवाली
मानसीताई, नंबर लिहून घेतला. काल रात्री तीनला तिच्याशेजारी जाऊन बसले. फोन काढून घेतला नाही. कपाळाच्या खुणेची खरी गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, माझी पण एक आहे, ठाण्याची, तिचं बाळ दीड महिन्याचं. मग बाळ झोपलंय तोवर दोघींनी मिळून त्याची नखं कापली. आई उठली असती तर ओरडली असती, रात्री नखं कापायची नसतात.

हळदीकुंकू, मारोठियात कुठल्या दुकानात? उद्याच जाते.