घोकंपट्टीपेक्षा हिशेब
पेशीविभाजनाच्या अवस्था क्रमाने घोकल्या की अकरावीचा तो धडा संपला, असं काही जण म्हणतात, ते मत मला पटत नाही. क्रम यायलाच हवा, पण ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मुलं अडकतात ती गुणसूत्रं आणि डीएनएच्या हिशेबात. कांद्याच्या मुळाच्या टोकाची पेशी घ्या. जी-१ मध्ये, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याआधीच्या अवस्थेत, गुणसूत्रं १६, डीएनए २सी (सी म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातलं डीएनए). एस अवस्थेनंतर, म्हणजे डीएनए दुप्पट झाल्यावर, ते ४सी, गुणसूत्रं मात्र १६च! कारण मोजायचे ते सेंट्रोमिअर (गुणसूत्राच्या दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात ते बिंदू), आणि ते अजून वेगळे झालेले नसतात. ॲनाफेजमध्ये, म्हणजे प्रती दोन टोकांकडे ओढल्या जातात त्या अवस्थेत, ते वेगळे झाले की पेशीत गुणसूत्रं ३२.

कांद्याच्या परागकोशातल्या मिऑसिसचाही (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाचाही) असाच तक्ता करा: पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत ८ गुणसूत्रं आणि २सी, दुसऱ्यानंतर ८ आणि १सी. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी हा तक्ता पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर काढून घेते.